शैक्षणिक धोरण, शिक्षक आणि समाजमाध्यमे : तृतीय भाषेच्या वादाच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पश्चिमेस, समुद्राला लागून, उत्तन, चौक, पाली व डोंगरी ही गावे वसलेली आहेत. त्यांपैकी पाली हे मासेमारीवर उपजीविका करणाऱ्या, बहुतांशी ख्रिस्ती कोळी समाजाचे गाव होय. येथील घरांतून बोलली जाणारी भाषा मराठीच आहे; परंतु ती उत्तर कोकणच्या किनारपट्टीची मराठी आहे. या पट्टीतील बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ व ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो, हे भाषाभ्यासकांना परिचित आहे. ‘पाणी’ हे ‘पानी’ होते, ‘डोळा’ हा ‘डोला’ होतो. अशा घरातील सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात बसते तेव्हा पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी त्याला परकी नसली तरी नवी असते. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर हे अंतर कितीतरी वाढते. भाईंदरच्या बाजारात व रेल्वेस्थानकावर कानी पडणारी हिंदी ही आणखी निराळी. या मुलाच्या वाट्याला शाळेत पहिल्या वर्षी किती भाषा याव्यात, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. परंतु २०२५ च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील तो सर्वाधिक चर्चिला गेलेला शैक्षणिक प्रश्न ठरला.

ही चर्चा सभागृहांत व वृत्तपत्रांत झाली, त्याहून अधिक ती समाजमाध्यमांवर झाली. शिक्षक, मुख्याध्यापक, प्राध्यापक व निवृत्त शिक्षणाधिकारी यांनी तीत भाग घेतला. तथापि या चर्चेचे परीक्षण केल्यास एक विलक्षण गोष्ट दिसून येते. ज्या प्रश्नाभोवती सारा वाद फिरत होता, त्याविषयीचे प्रत्यक्ष अनुभवाचे ज्ञान शिक्षकवर्गापाशी होते; आणि नेमके तेच ज्ञान खुल्या चर्चेत सर्वांत कमी पोहोचले. असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. समाजमाध्यमांमुळे शिक्षकाला वाणी मिळाली, असे सामान्यतः समजले जाते. ती कोठे मिळाली, कोणापुढे मिळाली व कोणत्या अटींवर मिळाली, हे पाहिल्यावाचून त्या समजुतीचे मोल ठरविता येणार नाही.

२. पूर्वपीठिका

शिक्षकांनी शिक्षणाविषयी आपसांत व शासनाशी बोलावे याची सोय महाराष्ट्रात नवी नाही. १८६१ मध्ये पुण्यास सुरू झालेले ‘मराठी शालापत्रक’ हे सरकारी विद्याखात्याचे, मुख्यतः शिक्षकांसाठी चालविलेले मासिक होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर व त्यांच्यानंतर १८६८ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ते संपादिले. विष्णुशास्त्र्यांच्या लेखणीतील टीका सरकारास रुचली नाही व १८७५ मध्ये त्यांच्या हातचे शालापत्रक बंद झाले. तत्पूर्वी १८७४ मध्येच त्यांनी स्वतःची ‘निबंधमाला’ सुरू केली होती. खात्याचे साधन खात्याच्या टीकेला पुरे पडत नाही आणि टीकाकाराला स्वतंत्र साधन शोधावे लागते, हा अनुभव मराठी शिक्षणक्षेत्रास इतक्या जुन्या काळापासूनचा आहे.

दुसरी परंपरा साक्षीची होय. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षण ठराविक वयापर्यंत सक्तीचे करावे या मागणीबरोबरच प्राथमिक शिक्षकांची नेमणूक व वेतन यांचाही विचार होता. स्वातंत्र्योत्तर काळात कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुमारे ९,००० व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या व त्याच्याकडे २,४०० हून अधिक निवेदने आली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. साक्षीच्या या पद्धतीत दोन गुण होते. एक तर बोलणाऱ्यास विचारलेले असे. दुसरे म्हणजे त्याचे म्हणणे नोंदले जाऊन निर्णयकर्त्यापर्यंत जात असे. समाजमाध्यमांवरील चर्चेत न विचारता बोलता येते, ही मोठीच सोय झाली. परंतु नोंद व पोच या दोन गोष्टींची हमी मात्र तीत राहिली नाही.

३. चर्चेची तीन स्थाने

‘समाजमाध्यम’ हा शब्द एकवचनी वापरल्याने पुष्कळ गोंधळ होतो. महाराष्ट्रातील शालेय शिक्षकाच्या दृष्टीने तेथे किमान तीन भिन्न स्थाने आहेत, आणि त्या प्रत्येकाची भाषा निराळी आहे.

पहिले स्थान आज्ञेचे. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी किंवा महानगरपालिकेचा शिक्षणविभाग यांनी चालविलेले व्हॉट्सॲपवरील गट या वर्गात मोडतात. परिपत्रके, शासननिर्णय, सरल व यू-डायस प्लस या प्रणालींत भरावयाची माहिती, शालेय पोषण आहाराचे दैनंदिन आकडे, प्रशिक्षणाच्या सूचना असा येथील मजकूर असतो. येथे शिक्षक धोरणाविषयी बोलत नाही. तो धोरण ऐकतो व ‘माहिती सादर केली’ असे कळवितो. केवळ गटप्रशासकासच संदेश पाठविता यावा अशी सोय व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये केल्यापासून हा एकमार्गीपणा तंत्रानेही पक्का करता येऊ लागला.

दुसरे स्थान सहकाऱ्यांचे. शिक्षकसंघटनांचे, एका विषयाच्या शिक्षकांचे, एकाच वर्षी सेवेत आलेल्यांचे, तसेच उपक्रमशील शिक्षकांचे गट हे या वर्गातील होत. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी वर्गांची कीर्ती राज्यभर झाली. ती पसरण्यात शिक्षकांच्या प्रत्यक्ष भेटींइतकाच या गटांतून फिरलेल्या छायाचित्रांचा व चित्रफितींचा वाटा होता. अध्यापनाचे साधन कसे करावे, वाचनात मागे पडलेल्या मुलास कसे हाताळावे, नव्या नियमाने संचमान्यतेत किती पदे जातील, हे सारे येथे मोकळेपणाने बोलले जाते. शिक्षकाचे अनुभवसिद्ध ज्ञान जर कोठे साठत असेल तर ते येथे. परंतु हे गट बंदिस्त असतात; त्यांतील मजकूर बाहेरच्यास शोधता येत नाही आणि आतल्यासही महिन्याभरानंतर सापडत नाही.

तिसरे स्थान खुले. फेसबुक, एक्स (पूर्वीचे ट्विटर) व यूट्यूब यांवरील लेखन-भाषण सर्वांस उपलब्ध असते. वृत्तपत्रे, लोकप्रतिनिधी व मंत्री यांची नजर याच स्थानावर असते, आणि धोरणावर परिणाम घडून येतो तो येथून. मात्र येथे बोलणाऱ्यांत सेवेतील प्राथमिक शिक्षक कमी व इतरच अधिक असतात. निवृत्त अधिकारी, विद्यापीठीय अध्यापक, भाषाविषयक चळवळींतील कार्यकर्ते, पत्रकार, राजकीय पक्षांचे प्रवक्ते व पालक यांचे हे क्षेत्र होय.

या तीन स्थानांतील भेद ध्यानात घेतला म्हणजे एक मुद्दा स्पष्ट होतो. ज्ञान दुसऱ्या स्थानी आहे, प्रभाव तिसऱ्या स्थानी आहे, आणि अधिकार पहिल्या स्थानी आहे. धोरणाच्या चर्चेची गुणवत्ता या तिहींमधील ये-जा कशी होते यावर अवलंबून राहते.

पहिल्या स्थानाविषयी आणखी एक घटना नोंदण्याजोगी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय, त्या वर्षीच्या १५ मार्चचा संचमान्यतेविषयीचा शासननिर्णय व अशैक्षणिक कामांचा भार यांच्या निषेधार्थ प्राथमिक शिक्षकांनी आंदोलन केले. २५ सप्टेंबर रोजी सामूहिक रजा घेतली गेली. या आंदोलनाचा एक भाग म्हणून अनेक शिक्षक प्रशासकीय व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडले. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन याने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, संस्थेविषयी असमाधान असणाऱ्या माणसापुढे निर्गमन व वाणी असे दोन मार्ग असतात, असे प्रतिपादन केले आहे : तो संस्था सोडतो किंवा तक्रार मांडतो. जेथे वाणीस वाव नाही तेथे निर्गमन हेच वाणीचे रूप घेते, याचे इतके शब्दशः उदाहरण क्वचितच आढळेल. गटात बोलता येत नव्हते. म्हणून गट सोडणे हेच बोलणे झाले.

४. तृतीय भाषेचा प्रश्न : घटनाक्रम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने त्रिभाषासूत्राचा पुरस्कार केला. मात्र कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही असेही त्यात म्हटले आहे. त्यास अनुसरून २०२३ मध्ये तयार झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिसरी भाषा सहाव्या इयत्तेपासून, म्हणजे मध्य स्तरावर, योजिली आहे. त्याही पूर्वी कोठारी आयोगाने पहिल्या चार इयत्तांत एकच भाषा, उच्च प्राथमिक स्तरावर दोन व निम्न माध्यमिक स्तरावर तीन अशी चढती मांडणी सुचविली होती. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून शिकविली जात आहे. हिंदी मात्र पाचवीपासून होती.

१६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिली ते पाचवीसाठी हिंदी ही अनिवार्य तृतीय भाषा ठरविण्यात आली. राज्याच्या भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून या निर्णयास विरोध दर्शविला. २२ एप्रिल रोजी शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी ‘अनिवार्य’ या शब्दास स्थगिती देत असल्याचे जाहीर केले. १७ जून रोजी सुधारित शासननिर्णय निघाला. त्यात हिंदी ही ‘सर्वसाधारणपणे’ तृतीय भाषा राहील. मात्र एखाद्या इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी अन्य भारतीय भाषेची इच्छा दर्शविल्यास तिचा शिक्षक देण्यात येईल किंवा ती ऑनलाइन शिकविली जाईल, अशी तरतूद होती. विरोध शमला नाही. मराठी अभ्यास केंद्राचे दीपक पवार यांच्या पुढाकाराने शिक्षण व भाषा क्षेत्रांतील संस्था एकत्र आल्या. राजकीय पक्षांनी ५ जुलै रोजी मोर्चा घोषित केला. २९ जून २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही शासननिर्णय रद्द केल्याचे व डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात येत असल्याचे जाहीर केले.

अडीच महिन्यांत एक धोरण निघाले, बदलले व मागे घेतले गेले. सार्वजनिक चर्चेचे सामर्थ्य यावरून दिसते. तथापि ती चर्चा कोणत्या मुद्द्यांवर झाली, हे निराळे पाहिले पाहिजे.

५. मुद्दे व त्यांची स्थाने

या वादात पुढे आलेल्या मुद्द्यांचे तीन वर्ग करता येतात. पहिला अस्मितेचा : महाराष्ट्रात मराठीचे स्थान काय, हिंदीची सक्ती कोणाच्या हिताची, दक्षिणेतील राज्यांची भूमिका कशी. दुसरा विधी व धोरण यांचा : राष्ट्रीय धोरणात हिंदीचे नाव नसता ती अनिवार्य का, अभ्यासक्रम आराखडा सहावीचा उल्लेख करीत असता राज्य पहिलीपासून का जाते, उलट पक्षी, अन्य माध्यमांची मुले तीन भाषा शिकत असता मराठी व इंग्रजी माध्यमांची मुले श्रेयांकांच्या पद्धतीत मागे राहतील की काय. तिसरा अध्यापनाचा : सहा वर्षांचे मूल तीन भाषा व दोन लिप्या एकाच वर्षी हाताळू शकते काय, त्यासाठी तासिका कोठून आणावयाच्या, शिकवावयाचे कोणी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये प्राथमिक शाळेत ६० पर्यंत पटास दोनच शिक्षक मिळतात. पाच इयत्ता व दोन शिक्षक असलेल्या शाळेत एक विषय वाढतो म्हणजे काय होते, हे सांगण्यास भाषातज्ज्ञ लागत नाही. तेथे शिकविणारा लागतो.

खुल्या स्थानावर पहिल्या वर्गातील मुद्द्यांचा आवाज सर्वांत मोठा होता. दुसऱ्या वर्गातील मुद्दे अभ्यासकांनी व निवृत्त अधिकाऱ्यांनी नेटाने मांडले. तिसऱ्या वर्गातील मुद्दे मांडले गेले नाहीत असे नाही. बालशिक्षणाच्या अभ्यासकांनी ते वारंवार मांडले. परंतु ते बहुधा सामान्य तत्त्वाच्या स्वरूपात आले. ‘लहान मुलावर भाषांचा भार पडतो’ असे एका बाजूने म्हटले गेले. ‘लहान मूल भाषा सहज शिकते’ असे दुसऱ्या बाजूने. दोन्ही विधाने आपापल्या परीने खरी आहेत व म्हणूनच त्यांनी वाद मिटत नाही. घरात व अंगणात ऐकून भाषा येणे आणि शाळेत तासिकेने, लिपीसह, परीक्षेसाठी भाषा शिकणे या दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांतील भेद सिद्धांताने नव्हे तर वर्गातील निरीक्षणाने दाखवावा लागतो.

येथेच मीरा-भाईंदरसारख्या शहराचे महत्त्व ध्यानात येते. या महानगरपालिकेच्या शाळा मराठीबरोबरच हिंदी, गुजराती व उर्दू माध्यमांतूनही चालतात. उर्दू किंवा गुजराती माध्यमाच्या पहिलीतील मुलास माध्यमभाषा, इंग्रजी व २०२० च्या अधिनियमाने सर्व शाळांत सक्तीची झालेली मराठी, अशा तीन भाषा शिकाव्या लागतात. उर्दूच्या बाबतीत तर लिप्याही तीन होतात व त्यांतील एक उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. अन्य माध्यमांत तीन भाषा आहेतच, हा युक्तिवाद शासनाच्या बाजूने केला गेला. परंतु तो समतेचा युक्तिवाद म्हणून. त्या वर्गांत प्रत्यक्षात काय घडते, तिसरी भाषा किती येते, पहिल्या भाषेच्या वाचनावर तिचा काय परिणाम होतो, या प्रश्नांचे उत्तर त्या वर्गांच्या शिक्षकांपाशी होते. ते उत्तर कोणत्या पक्षास अनुकूल ठरले असते हे आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते मोलाचे होते. ज्या शहरात पहिलीचे मूल तीन भाषा शिकत होते, त्याच शहरात ते शिकू शकेल काय यावर तर्काने वाद चालू राहिला.

पुढे तर हा प्रश्न शाळेच्या बाहेरच गेला. जून-जुलै २०२५ च्या सुमारास मीरा रोड येथे मराठी बोलण्याच्या कारणावरून एका दुकानदारास मारहाण झाली. त्याच्या निषेधार्थ व्यापारी रस्त्यावर आले आणि ८ जुलै रोजी मराठीच्या बाजूने मोर्चा निघाला. पालीच्या पहिलीतील मुलाच्या तासिकेचा प्रश्न आठ-दहा दिवसांत त्याच महानगरातील रस्त्यावरच्या भाषिक संघर्षात विरून गेला.

हा प्रकार केवळ महाराष्ट्रात घडतो असे नाही. अमेरिकेत ‘कॉमन कोअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समान अभ्यासमानकांवरून जो वाद झाला, त्यातील ट्विटरवरील चर्चेचा अभ्यास जोनाथन सुपोविट्झ, ॲलन डेली व मिगेल देल फ्रेस्नो यांनी केला. सप्टेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या सहा महिन्यांतील सुमारे १,९०,००० संदेश व सुमारे ५३,००० सहभागी व्यक्ती त्यांनी तपासल्या. त्यांना तीन तट आढळले : समर्थक, शिक्षणक्षेत्रातील विरोधक व शिक्षणक्षेत्राबाहेरील विरोधक. मानकांचा वाद हा संघराज्याचे अधिकार, मुलांविषयीची माहिती, चाचण्या व खाजगी कंपन्यांचे हितसंबंध यांसारख्या अन्य वादांचा प्रतिनिधी बनला होता, असे त्यांनी दाखविले. तेथील मानके व येथील तृतीय भाषा हे विषय भिन्न. परंतु शैक्षणिक प्रश्नाचे अन्य प्रश्नाच्या प्रतीकात रूपांतर होण्याची रीत सारखीच आहे. ज्या माध्यमात संदेश लहान असावा लागतो व त्याचा प्रसार क्षोभाने होतो, तेथे तासिकांच्या वेळापत्रकापेक्षा अस्मितेचे चिन्ह वेगाने फिरावे, यात नवल नाही.

६. शिक्षकाच्या वाणीवरील मर्यादा

मग सेवेतील शिक्षकाने आपला अनुभव खुल्या स्थानी स्वतः का नेला नाही? माध्यमाचा स्वभाव हे एक कारण झाले. दुसरे कारण सेवेच्या नियमांत आहे.

शासकीय कर्मचाऱ्यांस महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांस १९६७ चे जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम. खाजगी शाळांतील शिक्षकांच्या सेवेचे नियमन १९७७ च्या अधिनियमाने व १९८१ च्या नियमावलीने होते. शासनाच्या धोरणावर जाहीर प्रतिकूल टीका करू नये, हा शासकीय सेवेतील वर्तणुकीच्या नियमांचा जुना दंडक आहे. २८ जुलै २०२५ च्या शासननिर्णयाने तो समाजमाध्यमांस स्पष्टपणे लागू केला. स्थानिक स्वराज्य संस्थांचे व कंत्राटी कर्मचारीही त्याच्या कक्षेत येतात. वैयक्तिक व कार्यालयीन खाती निराळी ठेवावीत, गोपनीय कागदपत्रे प्रसृत करू नयेत, ह्या त्यातील सूचना योग्यच आहेत. परंतु शासनाच्या चालू वा अलीकडील धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, आणि योजनेच्या यशाविषयी मात्र आत्मस्तुती टाळून लिहिता येईल, असेही त्यात आहे. तृतीय भाषेचे निर्णय मागे घेतल्यानंतर महिन्याभराने हा शासननिर्णय निघाला. या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे असे म्हणण्यास आधार नाही. परिणाम मात्र उघड आहे. योजना यशस्वी झाल्याचा पुरावा शिक्षक खुल्या स्थानी मांडू शकतो. ती अयशस्वी होत असल्याचा पुरावा मांडताना तो धोक्यात येतो. अशा व्यवस्थेत खुल्या स्थानी जमणारी माहिती एका बाजूस झुकलेलीच राहणार.

न्यायालयांनी या बाबतीत समतोल राखण्याचा प्रयत्न केला आहे. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या १९६२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, शासकीय सेवेत शिरल्याने नागरिक आपले मूलभूत हक्क गमावीत नाही, असे सांगून निदर्शनांवरील सरसकट बंदी अवैध ठरविली. त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये समाजमाध्यमावरील मतप्रदर्शनाच्या संदर्भात तेच तत्त्व लावले. वर्तणूक नियमांनी घातलेल्या मर्यादा मात्र कायम ठेवल्या. तत्त्व असे स्पष्ट असले तरी चौकशीची नोटीस येण्याची भीती तत्त्वाने जात नाही.

संघटित प्रतिनिधित्वाचा मार्ग उरतो. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. मीरा-भाईंदर कोकण विभागाच्या मतदारसंघात येते. परंतु संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे या मतदारसंघात माध्यमिकपेक्षा खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थांतील शिक्षकांसच मत देता येते. पहिली ते पाचवीचे धोरण ज्याच्या वर्गात उतरणार होते त्या प्राथमिक शिक्षकास हा मताधिकार नाही. राष्ट्रीय पातळीवर १९५० मध्ये ही रेषा आखली गेली तेव्हा तिचा संबंध विद्वत्तेच्या तत्कालीन कल्पनेशी होता. आज तिचा परिणाम असा की, ज्या शिक्षकाची वाणी समाजमाध्यमावर सर्वांत बंदिस्त, त्याचीच वाणी सभागृहातही अप्रत्यक्ष.

७. धोरणास याची झळ कशी लागते

मायकेल लिप्स्की याने १९८० मध्ये असा सिद्धांत मांडला की, जनतेशी प्रत्यक्ष व्यवहार करणारा कनिष्ठ कर्मचारी, शिक्षक त्यांत आलाच, हाच अखेरीस धोरण घडवितो. कारण वेळ व साधने अपुरी असता काय करावयाचे व काय सोडावयाचे हे तोच ठरवितो. शिक्षकाने धोरणाविषयी जाहीर बोलू नये, असा नियम करता येतो. त्याने वर्गात त्याचा अर्थ लावू नये, असा नियम करता येत नाही. जी शंका जाहीरपणे मांडता येत नाही ती नाहीशी होत नाही. ती अंमलबजावणीत उतरते. विषय वेळापत्रकावर राहतो व वर्गातून गळतो. माहिती प्रणालीत भरली जाते व प्रत्यक्षात काही होत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये विद्यार्थ्यांसह ‘सेल्फी’ काढून सरल प्रणालीत पाठविण्याचा आदेश निघाला, तेव्हा शिक्षकांनी समाजमाध्यमांवर त्याचा उपहास केला. उपहासाच्या मुळाशी असलेल्या अडचणी, म्हणजे ग्रामीण भागातील दूरसंपर्क, वेळ व मुलांच्या छायाचित्रांची सुरक्षितता, या आधी विचारल्या गेल्या असत्या तर उपहासाची वेळ आली नसती.

म्हणून शिक्षकाचे स्वातंत्र्य हा केवळ त्याच्या हक्काचा प्रश्न नाही. तो शासनाच्या ज्ञानाचाही प्रश्न आहे. आज्ञेच्या गटात फक्त होकार येतो, खुल्या स्थानी फक्त कोलाहल ऐकू येतो, आणि मधल्या गटात साठलेले ज्ञान कोणी विचारीत नाही, अशी स्थिती असल्यास निर्णय चुकला तरी तो कोणत्या कारणाने चुकला हे शासनास कळत नाही. २९ जून २०२५ रोजी निर्णय मागे घेतला गेला. परंतु पहिलीच्या वर्गात तीन भाषांचे काय होते, याविषयी त्या दिवशी १६ एप्रिलपेक्षा अधिक माहिती कोणाच्याही हाती आली नव्हती. वाद संपला होता. प्रश्न जेथल्या तेथेच होता.

८. संशोधनाच्या दृष्टीने

या विषयाच्या अभ्यासकाने तीन गोष्टी ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पहिली : खुल्या माध्यमांवरील संदेश मोजणे सोपे आहे म्हणून त्यांनाच शिक्षकांचे मत समजू नये. तेथील संख्या बोलणाऱ्यांची असते, शिकविणाऱ्यांची नव्हे. दुसरी : बंदिस्त गटांतील मजकूर संमतीवाचून वापरणे अनुचित आहे, आणि वर वर्णिलेल्या नियमांमुळे ते शिक्षकास घातकही ठरू शकते, नाव, शाळा व केंद्र यांचा माग राहणार नाही अशी काळजी घेतल्यावाचून असे संशोधन करू नये. लहान केंद्रात शाळेचा पट व माध्यम सांगितले तरी शिक्षक ओळखता येतो, याचे भान हवे. तिसरी : समाजमाध्यम हे चर्चेचे स्थान असले तरी साक्षीचे स्थान नव्हे. शिक्षकास विचारणे, त्याचे म्हणणे नोंदणे व ते निर्णयकर्त्यापर्यंत नेणे, हे काम विद्यापीठीय विभाग, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि शासकीय समित्या यांनाच करावे लागेल. शिक्षण परिषदांत केंद्रातील शिक्षक एकत्र येतातच. त्यांतील काही वेळ आदेश ऐकविण्याऐवजी अनुभव नोंदविण्यास दिला, तर नवी यंत्रणा उभारण्याचेही कारण नाही.

मीरा-भाईंदरमध्ये असा अभ्यास आजही करता येण्याजोगा आहे. एकाच महानगरपालिकेत मराठी, हिंदी, गुजराती व उर्दू माध्यमांचे पहिलीचे वर्ग आहेत. शेजारी इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा आहेत. आणि पालीसारख्या गावात घरची बोली व पुस्तकाची भाषा यांतील अंतर मोजण्यास निराळी जागा शोधावी लागत नाही. ‘पानी’ म्हणणारे मूल ‘पाणी’ हा शब्द वाचू लागण्यास किती दिवस लागतात, त्याच काळात दुसऱ्या व तिसऱ्या भाषेची अक्षरे आली तर तो काळ वाढतो की तसाच राहतो, हे त्या वर्गाचा शिक्षक दर वर्षी पाहतो. तृतीय भाषेचा प्रश्न पुन्हा येईल तेव्हा प्रथम त्याला विचारले पाहिजे. आणि जे दिसले ते, मग ते धोरणास अनुकूल असो वा प्रतिकूल, निर्भयपणे सांगता येईल अशी जागा त्याला दिली पाहिजे.